सत्तेचाळीस मिनिटांचं तिसरं गाणं

या रविवारी इतिहास घडणार, असं ड्रमवाल्या ठोक्याने घरात जाहीर करून टाकलं होतं. चौदा वर्षांत त्यांच्या रॉक बँडचा लाइव्ह अल्बम पहिल्यांदाच रेकॉर्ड होत होता, आणि त्यातलं चौथं, शेवटचं गाणं खुद्द ठोक्याचं होतं. शब्द त्याचे, चाल त्याची, गाणारही तोच, आणि लिहिलेलं बायकोसाठी! दिवसा लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या पाठीमागे बसून ड्रम बडवायचे, यातच ज्याची चौदा वर्षं गेली, त्याला एकदा पुढे येऊन माइक धरायचा होता. सहा महिने सराव झाला होता. बायकोसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची राखून ठेवली होती.

आता या बँडची खोड सांगायला हवी. हे लोक जॅम वाजवतात. म्हणजे गाणं सुरू होतं ठरल्याप्रमाणे, मग जो तो आपापल्या वाटेने भटकायला निघतो आणि परत कधी येणार ते सांगून जात नाही. तेव्हा गाणं संपवायची एक खूण ठरलेली होती. बास गिटार वाजवणारे दादा वयाने सगळ्यांत वडील, विमा कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली की चार ठोक्यांत सगळं बंद. टोपी डोक्यावर असेपर्यंत मात्र कुणी थांबायचं नाही.

त्या दिवशी कव्हरसाठी फोटोवाला आला होता. त्याने दादांना बाजूला घेऊन सांगितलं, की तिसऱ्या गाण्यात फोटो काढतो, दिव्यांखाली टक्कल फार चमकतं, तेव्हा मी खुणावेपर्यंत टोपीला हात लावू नका. दादांनी जन्मभर साहेबांचं ऐकलेलं. त्यांनी मान डोलावली. फोटोवाल्याने पाच मिनिटांत फोटो उरकले आणि खुणवायचं साफ विसरून तो चहाला निघून गेला.

हॉल सहापर्यंतच मिळाला होता. तिसरं गाणं पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू झालं, त्याला दहा मिनिटं धरली होती. साडेपाचला ठोक्याने टोपीकडे पाहिलं. टोपी जागच्या जागी.

"दादा, टोपी!" तो ओरडला.

दादांनी टोपी आणखी घट्ट बसवली.

मग ठोक्याने स्वतःच शेवट करायचं ठरवलं. सगळे ड्रम आणि झांजा एकदम वाजवून त्याने असा काही दणका दिला, की कुणालाही कळावं, गाणं संपलं. गिटारवाल्याला वाटलं, गड्याच्या अंगात आलंय. त्याने डोळे मिटून भलताच नवा सूर लावला. ठोक्याने लय हळू केली, तर लोक डोलायला लागले आणि कीबोर्डवाली बाई डोळे पुसायला लागली. तो जितका संपवायला जाई तितकं गाणं फुलत चाललं. पावणेसहा वाजले तेव्हा ठोक्याला रडू फुटायच्या बेतात होतं.

शेवटी त्याने चौदा वर्षांत कुणी केलं नव्हतं ते केलं. काठ्या खाली ठेवल्या आणि सरळ उठून माइककडे निघाला. बाकीचे गोंधळून थांबले. हॉल चिडीचूप. ठोक्याने तोंड उघडलं, तेवढ्यात अंधारातून कुणीतरी "थांबू नका!" असं ओरडून ठेक्यात टाळ्या वाजवायला लागलं. बघता बघता सगळा हॉल टाळ्या देऊ लागला, दादांची बोटं चालू झाली, आणि ठोक्या मुकाट्याने मागे जाऊन बसला. सहाला तीन मिनिटं कमी असताना रखवालदाराने मुख्य बटण बंद केलं, तेव्हा कुठे ते गाणं संपलं.

अल्बम निघाला तो तीनच गाण्यांचा. लोक तिसऱ्यावर लट्टू झाले. एकाने तर छापलं, की मधली ती शांतता ही ड्रमवाल्याच्या प्रतिभेची कमाल आहे. हे वाचून ठोक्याचं दुःख बरंच हलकं झालं. बायको ओट्यापाशी भाजी चिरत होती, आणि तो आपली कमाल पुन्हा पुन्हा लावून ऐकत होता. तिसऱ्या खेपेला त्याने आवाज मोठा केला.

"थांबू नका!"

रेकॉर्डिंगमधला हा आवाज त्याच्या चांगलाच ओळखीचा होता. डबा विसरला की जिन्यात मागून यायचा तोच. चिरायचा आवाज थांबला होता.

"तू होतीस?" त्याने विचारलं.

"मग काय करणार?" ती मान वर न करता म्हणाली. "सहा महिने रोज ऐकलंय मी ते गाणं. न्हाणीघराचं दार बंद असलं तरी ऐकू येतं रे."

"मग सांगायचंस की मला."

"माझ्यासाठी लिहिलेलं. कुठल्या तोंडाने सांगू?" तिने भाजी पातेल्यात लोटली. "पण ड्रम वाजवताना फार छान दिसत होतास. ते मात्र खरं."

ठोक्याला राग आला, बरंही वाटलं, आणि दोन्ही एकदम कसं दाखवायचं ते त्याला सुचेना. दुसऱ्या दिवसापासून त्याची अंघोळ पाच मिनिटांत आटपू लागली.