चिंचेच्या पानावरचं आंब्याचं झाड

एका जंगलात चित्रांचं प्रदर्शन भरलं. आता लगेच ‘कुठलं जंगल’ म्हणून विचारू नका. तुमच्या घरापलीकडचंच, झालं?

नियम असा, की चित्र चिंचेच्या पानाएवढंच हवं. चौकट मात्र दाराएवढी, कारण सिंहमहाराजांना शोभा मोठी लागायची. त्या चौकटींसाठी रोज झाडं पडत होती.

बकुळा खारीला याचीच धास्ती होती. तिचं आंब्याचं झाड ओढ्यापलीकडे आडबाजूला होतं, म्हणून अजून सुतारपक्ष्यांच्या नजरेत भरलं नव्हतं. पण आज ना उद्या भरणारच की! पहिल्या येणाऱ्याची एक मागणी महाराज पुरी करणार होते. बकुळेनं ठरवलं, पहिलं यायचं आणि झाड मागून घ्यायचं.

तिनं वणव्यातला कोळसा आणला, दातांनी टोकदार केला आणि त्या एवढ्याशा पानावर अख्खं झाड काढलं. खोड, ढोली, मोहोर, बुंध्यावरची मुंगळ्यांची रांगसुद्धा. मला तर बघून भरून आलं. पण मला कोण परीक्षक करतंय?

परीक्षक होते दामोदरपंत हत्ती. त्यांना चिंचेचं पान दिसायचंच नाही. जवळ भिंग होतं, पण परीक्षकानं भिंग लावलं तर चारचौघांत काय राहिलं? म्हणून ते डोळे मिटून मान डोलवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे.

“माध्यम?”

“कोळसा,” बकुळा म्हणाली.

दामोदरपंतांनी सोंड मागे घेतली. कोळशानं काळी होते म्हणाले. हत्तीची सोंड, बरं का!

पुढे होता बबडू माकड. यानं जांभळाच्या रसानं चित्र रंगवायला घेतलं होतं. रंगवता रंगवता रस चाटला, मग पानही खाल्लं. उरली नुसती चौकट. पण हा एकदा शहरात मावशीकडे गेला होता. तिथे शाळेच्या कौलांवर बसून त्यानं हाच प्रश्न ऐकला होता, आणि उत्तरही.

“इंग्रजी,” बबडू म्हणाला.

सगळ्यांनी अदबीनं माना झुकवल्या. अस्वल तर उठून उभंच राहिलं. दामोदरपंतांनी सोंड उंचावून सलाम ठोकला.

“तरीच म्हटलं,” ते म्हणाले, “रेषा कशी फाडफाड बोलतेय.”

बबडू पहिला आला. काय हवं, असं महाराजांनी विचारल्यावर त्यानं याहून मोठी चौकट मागितली. माकडच ते, दुसरं काय मागणार?

सुतारपक्षी म्हणाले, ओढ्याअलीकडे आता लाकूड उरलेलं नाही. तेव्हा कुठे दामोदरपंतांनी भिंग बाहेर काढलं. लाकडाचा मामला होता, नीट बघायलाच हवं. एकेक चित्र निरखत ते बकुळेच्या पानापाशी येऊन थांबले.

“वा, बकुळाताई! काय हुबेहूब काढलंय हो. खोड किती सरळ आहे! कुठंय हे झाड?”

बकुळा गप्प राहिली. पण चित्र इतकं हुबेहूब होतं, की त्यात ओढासुद्धा दिसत होता.

संध्याकाळी झाड पडलं. बकुळा खूप रडली. पण जंगल काही तिला विसरलं नाही. उरलेल्या फांद्या जाळून तिला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, टोपलीभर कोळसा.

तात्पर्य: मुलांनो, शक्यतो चित्र काढू नका. काढलंच तर वाईट काढा. आणि माध्यम विचारलं तर इंग्रजी सांगा.