तोंडी कळवलेले ग्राह्य नाही

कालव्यात जलपर्णी दाटली की आलप्पुळ्याच्या वर्की चेट्टांच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत वर्कीदादांच्या, दोन्ही बोटी बंद राहतात आणि प्रवासी धक्क्यावर ताटकळतात. बोट बंद असल्याचा निरोप प्रवाशांच्या फोनवर जावा, एवढीच चेट्टांची मागणी होती. ती समजून घ्यायचे काम एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सात जणांकडे आले. सातही जण केरळभर आपापल्या घरी बसून नोकरी करत. त्यांपैकी बिंदू कुरुपने शुक्रवारपर्यंत मागणी नोंदवली नाही, तर तिची नोकरी कायम होणार नव्हती.

सोमवारीच चेट्टांचा बिंदूला फोन आला. "मोळे, पोरी, दोन मिनिटांत सांगतो, लिहून घे."

"फोनवर नाही चालत, चेट्टा. कोणत्या साधनाने बोलायचं ते आधी ठरायचंय."

"मग आत्ता आपण काय करतोय?"

साधन निवडायला समिती बसली. अकरा ॲप तपासून तिने तीन निवडली: एक बोलायला, एक लिहायला, आणि या दोन्हींवर काय चालले आहे ते कळवायला तिसरे. मग मागणी गोळा करायची पद्धत ठरली, चौसष्ट प्रश्नांची प्रश्नावली. तिसरा प्रश्न होता, 'बोटीच्या आपल्याकडून काय अपेक्षा आहेत?' चेट्टांनी लिहिले, 'डिझेल.' उत्तर त्रोटक म्हणून परत गेले.

बुधवारी बोलायच्या ॲपवर बिंदूने साहेबांपुढे तोंड उघडले. "राजशेखरन सर, त्यांची मागणी एका वाक्याची आहे. सांगू का?"

"अजिबात नको," सर कळवळून म्हणाले. "आधीच कळली तर गोळा काय करायची?"

शुक्रवारी पुन्हा चेट्टा. "मोळे, राहू दे तुमचं काम. मी धक्क्यावर फळा टांगलाय. बोट बंद असली की खडूने लिहितो. भागतंय आमचं."

काम गेले म्हणजे नोकरीही गेली. रडवेल्या आवाजात तिने सरांना सांगितले.

"हे त्यांनी फोनवर कळवलं?"

"हो, सर."

"मग घाबरतेस कशाला? फोन ग्राह्यच नाही. 'मागणी गोळा होत आहे' अशी नोंद कर, काम चालू आहे."

संध्याकाळी बिंदूची नोकरी कायम झाली. पद्धत न मोडल्याबद्दल शाबासकीही मिळाली. तिला मनापासून लाज वाटली, आणि पेढे वाटावेत एवढा आनंदही झाला.

वाचकहो, हसा खुशाल. पण स्वयंपाकघरातून तुम्हाला दोनदा हाक आली आहे, ताटातला भात निवतो आहे. घरच्या ग्रुपवर निरोप पडेपर्यंत तुम्ही उठणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे.