दहावी खुर्ची

१.

सुव्यवस्थित राष्ट्राची खूण अशी, की तिथे वस्तू येण्याआधी वस्तूची व्यवस्था येते. आमच्या विभागात लसीकरण केंद्राचं उद्घाटन झालं तेव्हा तिथे लस सोडून सगळं होतं. बॅडमिंटनचा हॉल रिकामा करून घेतला होता. नोंदणीचं टेबल, टोचणीचं टेबल, हिरवा पडदा, कापसाचे बोळे (निर्जंतुक), हात धुण्याची जागा (पाणी वेगळ्या खात्याकडे) आणि जमिनीवर रंगवलेले बाण. बाण इतके ठळक, की पहिल्याच दिवशी लोक आत आले, बाणांमागून चालत गेले आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडले. लस न मिळण्याची इतकी शिस्तबद्ध पद्धत मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी निरीक्षण कक्षाचा प्रमुख. लस घेतल्यावर माणसाने अर्धा तास बसायचं असतं, काही होतंय का ते पाहायला. ते पाहणं माझ्याकडे. कक्षात दहा खुर्च्या, एक घड्याळ आणि मी. लसच नाही तर कक्ष उघडावा का, असं मी वर विचारलं. उत्तर आलं, "उघडा. सराव होईल."

तेव्हा लोक लस न घेता अर्धा तास बसू लागले आणि मी निरीक्षण करू लागलो. लस न घेतल्याचे दुष्परिणाम पुढीलप्रमाणे आढळले:

चिडचिड: बहुतेक सर्वांना.
झोप: चाळीस टक्के (पंखा चालू असल्यास सत्तर).
घसा बसणे: ज्यांनी केंद्रप्रमुखांशी चर्चा केली ते सर्व.
देशाचा कारभार कसा चालवावा हे शेजारच्या खुर्चीला सांगण्याची अनावर इच्छा: एकशे चार टक्के (काहींनी दोनदा सांगितलं).

२.

सरावाला सर्वांत नियमित येणारी व्यक्ती म्हणजे माझी सख्खी मामी. (नात्यामुळे तिला कोणतीही सवलत दिलेली नाही. सवलत द्यायला काहीतरी द्यावं लागतं.)

मामीच्या मुलीला बाळ झालं. बाळ छातीने नाजूक. डॉक्टरांनी आणि मुलीने मिळून मामीला एकच अट घातली, "आई, लस घे आणि मग घे त्याला कडेवर, हवा तितका वेळ." तोवर खिडकीच्या काचेतून पाहायचं. मामीने बाळासाठी पिवळा स्वेटर विणला होता. लस आली नाही आणि बाळ मात्र वेळच्या वेळी वाढत गेलं. मामीने स्वेटर उसवला, मोठा विणला. पुन्हा उसवला, पुन्हा विणला. लसीला किती उशीर झाला हे मोजायला आमच्या विभागात दोन साधनं आहेत: एक शासनाचं पत्रक आणि दुसरा हा स्वेटर. पत्रकाप्रमाणे उशीर झालेला नाही. स्वेटराच्या बाह्या मात्र आता माझ्या मनगटात जातात.

"तो मला काय समजतो माहितीये का तुला?" मामी एकदा सरावाच्या खुर्चीत टाके मोजत म्हणाली. "टीव्ही. काचेत येते, हात हलवते, जाते. परवा तर कंटाळून तोंडच फिरवलं गुलामाने."

"मामी, बोलू नका. निरीक्षण चालू आहे," मी म्हणालो.

"मग लिही त्यात. मामीला काही होत नाहीये. तेच होतंय."

३.

(हा भाग पुरवठ्याअभावी प्रलंबित आहे. वाचकांनी घाबरून जाऊ नये. भाग पुरेसे आहेत, फक्त उपलब्ध नाहीत.)

४.

आता जनक्षोभाविषयी. आमच्याकडचा जनक्षोभ उत्तम दर्जाचा होता. लोक सकाळी येत, केंद्रप्रमुखांच्या टेबलाभोवती जमत आणि लस कुठे आहे असं विचारत. केंद्रप्रमुख शांत माणूस. सोमवारी ते सांगत, "निघाली आहे." मध्ये कधी, "वाटेत आहे." शनिवारी, "पोहोचल्यासारखीच आहे." लस निघते कुठून आणि वाट किती लांब, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण आवाजात कधी कमीजास्त नाही.

त्या गर्दीत तुम्हीही होतात. संकोच नको, तुमचा आवाज सर्वांत खणखणीत होता. "आम्ही काय मरायची वाट बघायची का?" हे तुमचंच वाक्य. त्यावर टाळ्या पडल्या होत्या. "आज लस आणा, आत्ता हात पुढे करतो!" असं म्हणून तुम्ही बाही वरही केली होती. नोंदणीच्या टेबलावर पहिल्याच दिवशी तुम्ही नाव आणि फोन नंबर दिलात, आणि अक्षर स्वच्छ असल्याचं सिस्टरांनी मला मुद्दाम दाखवलं.

५.

आज लस आली.

निळी पेटी, पेटीत बर्फ, बर्फात एक कुपी. एका कुपीत दहा डोस. कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागते, उरलेला डोस फेकावा लागतो, आणि फेकलेल्या डोसाबद्दल लेखी खुलासा द्यावा लागतो. (वाया गेलेल्या महिन्यांबद्दल खुलासा लागत नाही. तसा रकाना नाही.) म्हणून नियम असा, की दहा माणसं समोर बसल्याशिवाय कुपी उघडायची नाही. पाचच्या आत उघडली नाही तर पेटी परत. जिथे मागणी आहे तिथे जाईल.

नऊ माणसं आली. मामी पहिली.

"सिस्टर, उघडा हो आता," मामी म्हणाली. "पोरगं रांगायला लागलं. उद्या चालत येऊन मलाच विचारेल, आपण कोण म्हणून."

"काकू, दहावा येऊ द्या. खुलासा तुम्ही लिहिणार का?"

"लिहीन की! घरी बसून दुसरं काय केलं? विणलं."

मी बाही वर केली. सिस्टरांनी माझ्याकडे प्रेमाने पाहिलं. "तुम्ही यादीत नाही हो. तुम्ही व्यवस्थेत आहात. व्यवस्थेचा टप्पा नंतर."

मग सिस्टर यादीतल्या नावांना फोन लावू लागल्या. एक गृहस्थ म्हणाले, "कोणत्या कंपनीची? नको, दुसरी आली की कळवा." एक काका म्हणाले, "आज जरा ऊन आहे." एक बाई म्हणाल्या, "जावेला विचारून सांगते. तिने घेतली नाहीये, पण तिला फार अनुभव आहे." आणखी एकांनी विचारलं, आधीच्या नऊ जणांना काही झालं का. अजून टोचलीच नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग त्यांचं आधी होऊ दे."

३.

(आत्ताच प्राप्त. विलंबाबद्दल दिलगिरी.)

यादीत पुढचं नाव तुमचं आहे. सिस्टर तिसऱ्यांदा फोन लावताहेत. पाच वाजायला थोडा अवधी आहे. नऊ जणांच्या बाह्या वर आहेत. मामीने स्वेटरची पिशवी मांडीवर घेतली आहे, इथून परस्पर मुलीकडे जायचं म्हणून. या वेळी स्वेटर थोडा मोठाच विणला आहे, म्हणाली, उगीच धोका नको. दहावी खुर्ची मी दोनदा पुसली.

मघाशी तुमचा फोन थरथरला. नंबर अनोळखी होता, म्हणून तुम्ही तो पालथा ठेवलात आणि लसीला उशीर कसा होतो यावरचं हे लिखाण वाचायला घेतलंत. मध्ये एकदोनदा हसलात. केंद्रप्रमुखांच्या भागाशी तर मान डोलावून म्हणालातही, "अगदी असंच चालतं हो आपल्याकडे."

(निरीक्षण माझ्याकडे आहे.)