सहा हातांची पोर

सदर भागातल्या हॉलमध्ये, प्रदर्शनात दिरानं काढलेलं चित्र पाहिलं आणि सिंधूनं आधी ओळखीचं कोणी आसपास आहे का ते पाहिलं. चित्रात एक पोरगी, तिला सहा हात. एकात पाटी, एकात झाडू, एकात कळशी, एकात लाटणं, पाचव्यानं रडकं पोर कडेवर धरलेलं. सहावा रिकामा, आणखी काही येणारच अशा तयारीत. तोंड मात्र काढलेलंच नव्हतं.

तेही चाललं असतं. पण फ्रॉक! पिवळा, लाल चौकटींचा. सिंधूनं स्वस्तात त्या कापडाचा अख्खा तागा आणला होता. त्यातून पडदे, अभ्रे, धाकट्या बबनची चड्डी आणि लेक प्रेमिलाचे फ्रॉक निघाले. पडदे असे भडक, की कन्हान नदीच्या पुलावरून माणूस बोट दाखवायचा, "ते पाहा सिंधूचं घर!" आताही प्रेमिलाच्या अंगात तोच फ्रॉक होता.

"भाऊजी, हे काय काढलं तुम्ही?"

"बालपण, वैनी," चंद्रभान छाती फुगवून म्हणाला. "समाज लेकराले कसा दाबते, ते पाहा."

तेवढ्यात भिवापूरची नणंद जिजाबाई मिरच्यांची पिशवी घेऊन दारात हजर. तिनं मोटारीत सांगितलेली गोष्ट मोटारीच्या आधी गावात पोचायची. सून पोरीला राबवते, हे उद्या साऱ्या सोयऱ्यांत झालं असतं! सिंधूनं पदर पसरला आणि चित्राला पाठ लावून उभी राहिली.

"सरक ना वं सिंधू. भावाचं चित्र पाहू दे."

"मले चक्कर येऊन राहिली, बाई! प्रेमिला, पाणी आण!"

प्रेमिला तांब्या घेऊन आली. जिजाबाई डावीकडून डोकावली.

"बाई, तुम्ही प्रेमिलाच्या कविता नाही ऐकल्या! म्हण वं. आधी बबनले घे, रडून राहिला तो."

प्रेमिलानं बबनला कडेवर घेतलं. "आई, तांब्या कुठं..."

"धर तसाच! माही पिशवी पण धर. छत्री काखेत घे. हं, म्हण आता. हातवारे करून!"

हातवारे कशाने करणार? पोरगी नुसती मान हलवत कविता म्हणू लागली. हॉलमधली माणसं गोळा झाली. कोणीतरी दयेनं खुर्ची आणली, दोन बायांनी सिंधूला धरून बसवलं, आणि चित्र उघडं पडलं.

वर ती पोर, खाली ही पोर. तोच फ्रॉक, तेच ओझं. प्रेमिलाची कविता थांबली, आणि चित्रातल्या पोरीला तोंड नाही हा फरकही मिटला.

जिजाबाई एकदा वर पाही, एकदा खाली. सिंधूनं डोळे गच्च मिटले.

"चंद्रभान," जिजाबाईचा आवाज फाटला, "हे तर मी आहो गा!"

"तूच आहेस, बाई. माय शेतात जाय, अन् तू मले कडेवर घेऊन सारं घर करे. तुह्या फ्रॉकाचा रंग नाही आठवला, म्हणून वैनीच्या खिडकीचा पडदा पाहून रंगवला."

"अन् कोणी इचारलं नाही गा तवा, की पोरी, तुले भारी होते का!" जिजाबाईला हुंदका फुटला.

सिंधूचा जीव भांड्यात पडला. चक्कर तर कुठल्या कुठे पळाली.

डोळे पुसायला जिजाबाईला हात मोकळे हवे होते. तिनं मिरच्यांची पिशवी पुढे केली.

"धर वं प्रेमिला जराशी."

प्रेमिलानं चित्राकडे पाहिलं.

"त्या पोरीजवळ द्या, आत्या," ती म्हणाली. "तिचा एक हात रिकामा आहे."