खारट कणसाचा नाद

आमचे पांडूनाना मकेचं पान चावून बघतात. बैलासारखं नव्हे. आधी खालचं, मग मधलं, मग शेंड्याचं, असं डोळे मिटून, चवीचवीनं. हायवेवरचे लोक गाडी हळू करून बघत जातात.

शाळा आम्हा दोघांचीही चौथीतच सुटली, त्यामुळं कुणी कुणाला शहाणं मानत नाही. नानांचं रान माझ्या बांधाला लागून, सारोळ्यात, नीरेच्या काठाला. खालच्या कोपऱ्यात पाणी साचून साचून जमीन खारवट झालेली. उन्हाळ्यात तिथं पीठ सांडल्यागत पांढरं दिसतं. चर खणा, पाणी काढून द्या, म्हणून मी घसा कोरडा केला. नानांचं उत्तर एकच, "बघू की." घर गळतंय म्हटलं तरी, "बघू की." आणि वरची चांगली काळी जमीन मोकळी ठेवून मका लावली ती नेमकी त्याच कोपऱ्यात.

मका ढोपराएवढी झाली आणि अडली. खालच्या पानांच्या कडा करपल्या. एक दिवस मीही चावून बघितलं. खालचं पान चक्क खारट, शेंड्याचं कोवळं गोडसर. नवल वाटलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

"खालची पानं मीठ आपल्या अंगावर घेत्यात, आप्पा," नाना म्हणाले. "म्हातारी वाळत्यात, कवळी जगत्यात."

"मंग बेस झालं की."

"कशाचं बेस? मला मीठ वर चढाया पायजे. कणसापातुर."

मग हळूच कारण निघालं. वहिनींना, म्हणजे नानांच्या मंडळींना, डॉक्टरनं मीठ तोडलंय. तेव्हापासून वहिनी दोन घास चिवडून उठतात. भाजलेलं कणीस म्हणजे त्यांचा जीव, पण मीठ चोळल्याबिगर तोंडाला लावत नाहीत.

"डाक्टर म्हणला, वरनं मीठ घ्यायचं न्हाई," नाना म्हणाले. "आतनंच आलं, तर त्येला कोण काय म्हनंल?"

असला येडेपणा मी जन्मात ऐकला नव्हता. कणीस खारट होणार नाही, हे मी साऱ्या गावाला सांगत सुटलो.

कणसं धरली. बोटभर, दाणे विरळ. नानांनी ती चुलीत भाजली आणि खरंखोटं करायला मला मुद्दाम बोलावलं. एक माझ्या हातात दिलं, दुसऱ्याचा दाणा आधी स्वतः चावला आणि त्यांचं तोंड उतरलं. मकेनं कोवळ्या दाण्यापर्यंत मीठ पोचूच दिलं नव्हतं. तरी त्यांनी ते कणीस वहिनींपुढं धरलं.

वहिनींनी आधी नानांच्या तोंडाकडं बघितलं. मग सावकाश खायला लागल्या. एक दाणा ठेवला नाही.

"लागतंय की खारट," त्या म्हणाल्या. "व्हय ना, भावजी?"

माझ्या हातातलं कणीस नुसतं गोड होतं. नाना माझ्याकडंच बघत होते.

"लागतंय," मी म्हणालो. "मला तर जरा जास्तच झालंय."