काजळवढ्याची वेस मेळ्याला गेली

काजळवढ्याची वेस जिल्ह्याच्या विद्यार्थी इतिहास मेळ्याला चालत गेली, ती सकाळी गुरं रानात गेल्यावर. गुरांच्या आधी निघणं तिला बरं दिसलं नसतं.

अंजिराकाकू तेव्हा वेशीतल्या डाव्या ओट्यावर बसली होती. ती रोजच बसते. गावात कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, हे तिथून नीट दिसतं. आणि आपल्याला कळल्याशिवाय गावात काही घडावं, हे काकूला पटत नाही. वेस उठली तसा ओटाही उठला. काकूनं पाय वर घेतले, पदर सावरला आणि बसून राहिली. समोरच्या ओट्यावर तेजल होती. ही काकूच्या शेजारच्या कोकऱ्यांची आठवीतली पोरगी. दोन्ही घरांची मधली भिंत एकच, त्यामुळं तेजलचं सगळं काकूला ठाऊक.

मागच्या वर्षी तेजलनं थर्मोकोलची वेस करून मेळ्याला नेली होती. मुख्य परीक्षक नाईकनवरे साहेबांनी तिच्यावर पेनानं टकटक केलं आणि म्हणाले, "बाळ, ही नुसती कमान आहे. कमान लग्नाच्या मांडवालाही असते. यात इतिहास कुठाय? आणि प्रतिकृती कशाला, मूळ वस्तू आणावी." त्या रात्री कोकऱ्यांच्या घरात पोरगी जेवली नाही, हे काकूनं भिंतीतून ऐकलं होतं.

यंदा तर गोष्ट मानापुरती राहिली नव्हती. नव्या रस्त्याच्या नकाशात वेशीवर लाल फुली आली होती आणि फुलीखाली लिहिलं होतं, 'अडथळा'. दिवाळीनंतर पाडायची. मेळ्यात ज्या वस्तूचा पहिला नंबर येतो, ती जिल्ह्याच्या जतनाच्या यादीत जाते आणि मग तिला कुणी हात लावू शकत नाही. म्हणून तेजलनं वेशीला विचारलं. वेस म्हणाली, "लांब आहे का?" तेजल म्हणाली, "एसटीनं तासभर." वेस म्हणाली, "एसटीत मी मावायची नाही. चालत येते."

या वेशीची एक रीत आहे. घराचं नाव सांगितल्याशिवाय तिच्यातून कुणी आत गेलेलं नाही. जाताच येत नाही. पाय पुढं पडत नाही. वेस स्वतःच विचारते, पण तिचा आवाज खोल आणि हळू, परक्या माणसाला ऐकू येत नाही. म्हणून काकू मोठ्यानं विचारते, "कुणाकडं आलाय?" मागं एकदा बियाणं विकणारा एक माणूस नाव सांगेना, तो दिवेलागणीपर्यंत कमानीतच उभा होता. शेवटी "गुरवांकडं" म्हणाला, तेव्हा सुटला. गुरवांनी त्याला जेवायला घातलं. बियाणं मात्र घेतलं नाही.

हमरस्त्यावर टोलनाका लागला. नाक्यावरच्या माणसानं खिडकीतून मान काढून वर बघितलं, मग आणखी वर बघितलं.

"हे वाहन आहे का?"

"चाकं दिसतायत का?" काकू म्हणाली.

"मग काय आहे?"

"वेस आहे. काजळवढ्याची."

त्यानं दरपत्रक वरपासून खालपर्यंत वाचलं. "वेशीला दर नाही," तो म्हणाला. "पण दांडा वर घेतला तरी ही खालून जायची नाही."

"मग तुम्ही हिच्या खालून जा," काकू म्हणाली.

ते सोयीचं होतं. वेस नाक्यावरून पुढं गेली, म्हणजे नाका वेशीतून आत आला, खिडकीतल्या माणसासकट. काकूनं सवयीनं विचारलं, "कुणाकडं आलाय?" तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, "लोहारांकडं. शाळेत माझ्या बाकावर एक लोहार होता काजळवढ्याचा."

"सुधाकर. आता केस गेले त्याचे," काकू म्हणाली. "या जेवायला."

मेळा एका मोठ्या शाळेच्या मैदानात होता. चारी बाजूंनी भिंत, आत जायला एकच वाट, आणि त्या वाटेवर रंगीत कापडाची स्वागतकमान. वेस समोर जाऊन उभी राहिली. कापडाच्या कमानीनं तिच्याकडं बघितलं आणि आपण होऊन बाजूला झाली. वेस तिच्या जागी बसली.

नोंदणीच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या, "वस्तू टेबलावर मावली पाहिजे, असा नियम आहे."

तेजलनं जरा विचार केला. "टेबल वस्तूत मावलं तर चालेल का, बाई?"

बाईंनी नियम पुन्हा वाचला. वस्तू आणि टेबल एका जागी असावेत, एवढाच त्याचा अर्थ निघत होता. टेबल कमानीत ठेवलं आणि तेजलनं त्यावर आपला तक्ता उलगडला.

मग शाळा यायला लागल्या. कुणी पुठ्ठ्याचा जलदुर्ग आणला होता, कुणी पणजोबांचा तुरुंगातला जस्ती वाडगा, कुणी चरखा, कुणी गावच्या वाचनालयाचं जुनं घड्याळ. पोरं एवढ्या घाईनं आली आणि कमानीत येऊन थबकली.

"कुणाकडं आलाय?" काकूनं विचारलं.

"प्रदर्शनाला."

"ते कळलं. घर कुणाचं?"

"आमचं इथं कुणीच नाही हो," पोरांबरोबरचे सर म्हणाले.

"नसू दे. किती जण आहात? डझनभर? मग तुम्ही मोऱ्यांकडं. घर ऐसपैस आहे, सून हौशी आहे. आणि त्या चरख्यावाल्या पोरी गुरवांकडं. म्हणा बघू."

पोरांनी म्हटलं आणि आत गेली. मुख्य परीक्षकांच्या आधी आलेल्या दोन परीक्षकांनाही काकूनं एक जण सुतारांकडं, एक जण लोहारांकडं असं वाटून दिलं. असं करता करता दुपारपर्यंत काजळवढ्यातल्या एकूण एक घरी पाहुणे झाले.

पाहुणे आले की घरच्या बाईला कळतंच. मोऱ्यांच्या सुनेनं दुरडीत भाकरी भरल्या, गुरवांकडं पिठलं झालं, लोहारांनी शेंगदाण्याची चटणी कुटली. बायका दुरड्या घेऊन उंबऱ्याबाहेर आल्या, त्या थेट शाळेच्या मैदानात. गाव वेशीच्या आत असतं, आणि वेस इथं होती. जलदुर्गाच्या शेजारी पंगत बसली. टोलनाक्यावरचा माणूस सुधाकर लोहाराच्या टकलाकडं बघून हसत होता.

एवढ्यात नाईकनवरे साहेबांची जीप आली.

साहेब उतरले, शर्टाची बाही सरळ केली, चालत आले आणि बरोबर कमानीच्या मध्ये थांबले. थांबायचं त्यांच्या मनात नव्हतं.

"कुणाकडं आलाय?" काकू म्हणाली.

"मी मुख्य परीक्षक."

"ते तुमचं काम झालं. घर?"

"बाई, परीक्षकाचं कुठल्याही स्पर्धकाच्या गावाशी नातं नसावं, असा नियम आहे. मी इथं कुणाकडंही आलेलो नाही."

"मग बसा ओट्यावर," काकू म्हणाली आणि सरकली. "पाणी देऊ?"

"पाणी चालेल. पाण्यानं नातं होत नाही."

तेवढ्यात ते दोन परीक्षक पंगतीतून हात पुसत आले. त्यांचे चेहरे गंभीर होते. त्यांनी साहेबांना कळवलं की आपण अनुक्रमे सुतारांचे आणि लोहारांचे पाहुणे आहोत, आपण भाकरी खाल्ली आहे, सबब आपल्याला परीक्षण करता येणार नाही.

तेजलचा चेहरा उतरला. "काकू, परीक्षण झालंच नाही तर नंबर कसा येणार?"

साहेबांनी चष्मा पुसला. "मी कुणाचा पाहुणा आहे का?" त्यांनी काकूला विचारलं.

"अजून तरी न्हाई. तुम्ही ना आत, ना बाहेर."

"मग मी पात्र आहे. वस्तू इथं आणा."

सगळा मेळा एकामागून एक कमानीत आला. साहेबांनी एका ओट्यावर बसून सगळं मन लावून बघितलं. शेजारून काकूनंही बघितलं, आणि वाडग्याला कुठून पोचा आला ते पोराला विचारून घेतलं. साहेबांच्या गुणपत्रकात शेवटचा रकाना होता, 'वस्तू चालू स्थितीत आहे काय?' याला सगळ्यात जास्त गुण होते. जलदुर्गाला पाणी नव्हतं. घड्याळ काटे जोडून बसलं होतं. वाडगा तळाला गळत होता. चरख्याची माळ तुटली होती, आणि ती पोरगी खरं बोलणारी होती, तिनं ते स्वतःच सांगितलं. साहेब प्रत्येकापुढं 'नाही' लिहीत गेले. लिहिताना त्यांनाही वाईट वाटत होतं.

सगळ्यात शेवटी तेजल उभी राहिली.

"वस्तू कुठाय?" साहेब म्हणाले.

"तुम्ही तिच्यात बसलाय, सर."

साहेबांनी वर बघितलं. दगड बघितले, सांध्यातला चुना बघितला, मधला नारळ बांधायचा आकडा बघितला. मग त्यांना थर्मोकोल आठवलं असावं, कारण त्यांचा हात पेनाकडं गेला आणि टकटक न करता परत आला.

"मूळ आहे," ते म्हणाले. "पण कमानच आहे. चालू स्थितीत आहे, हे कशावरून?"

तेजलनं मान खाली घातली नाही. "आत जाऊन बघा, सर."

साहेब उठले. त्यांनी उजवा पाय उचलला. तो पुढं पडला नाही. त्यांनी डावा उचलून बघितला. मग दोन पावलं मागं येऊन जरा वेगानं आले आणि पुन्हा तिथंच उभे राहिले. मैदानातली सगळी पोरं भाकरी हातात धरून बघत होती. साहेबांनी एकदा बाजूनंही प्रयत्न केला. मग ते ओट्यावर बसले, धाप ओसरू दिली आणि रकान्यात लिहिलं, 'होय. उत्तम.'

"बेरीज करा," त्यांनी सुतारांच्या पाहुण्याला सांगितलं. बेरजेला नात्याची अडचण नव्हती. बेरीज झाली. पहिला नंबर काजळवढ्याचा आला.

गुरवाच्या पोरानं हलगीवर थाप मारली. मोऱ्यांच्या सुनेनं तेजलला उचललं, आणि चरख्यावाल्या पोरी सगळ्यात जोरात ओरडल्या, कारण त्याही आता गुरवांच्याच होत्या. जतन-यादीचा कारकून तेवढा अडला. "यादीत 'जागेवरून हलवू नये' असं लिहावं लागतं," तो म्हणाला. "पण ही तर चालत आली."

"ती हलली," काकू म्हणाली. "तिला कुणी हलवली न्हाई."

कारकुनाला ते पटलं. त्यानं शिक्का मारला.

पहिल्या नंबराची ढाल द्यायची होती ती व्यासपीठावर, आणि व्यासपीठ आत होतं. साहेबांनी गुणपत्रक पाकिटात घातलं, पाकीट चिकटवलं आणि पेनाला टोपण लावलं.

"निकाल लागला," ते म्हणाले. "आता मी परीक्षक नाही."

"मग कुणाकडं आलाय?" काकूनं विचारलं. या वेळी तिनं हळू विचारलं, आणि वेशीचा आवाजही साहेबांना ऐकू आला असावा, कारण त्यांनी वर बघूनच उत्तर दिलं.

"कोकऱ्यांकडं. तेजल कोकरेकडं."

आणि ते आत गेले. तेजलची आई चहा टाकायला पळाली.

तेजलच्या हातात ढाल आली, तोवर ऊन कललं होतं. गुरं रानातून परत आली, वेशीतून आत शिरली आणि व्यासपीठासमोरून शांतपणे आपापल्या दावणीकडं गेली. कुणी त्यांना काही विचारलं नाही. घरच्यांना विचारत नाहीत. मग वेस उठली, आणि काकू, तेजल, ढाल असं सगळं घेऊन काजळवढ्याला आली. परतीच्या वाटेवर टोलनाका त्याच्या जागी उतरवला. तो माणूस आता सणावाराला लोहारांकडं येतो. साहेब कोकऱ्यांकडं येतात, येताना तेजलला पुस्तकं आणतात. आत जायच्या आधी तासभर काकूशेजारी ओट्यावर बसतात.

दिवाळी झाल्यावर रस्त्याचे दोन अधिकारी फीत आणि नकाशा घेऊन आले. त्यांना यादी दाखवली. ते म्हणाले, यादी ठीक आहे, पण आम्हाला आत जाऊन मोजणी करायची आहे. काकूनं विचारलं, "कुणाकडं आलाय?" ते म्हणाले, "कुणाकडंही नाही, सरकारी कामाला आलोय."

ते अजून कमानीत उभे आहेत. माणसं स्वभावानं बरी आहेत. त्यातला एक बिनसाखरेचा चहा पितो, त्याला दोन मुली आहेत आणि धाकटीचं यंदा दहावीचं वर्ष आहे. काकूनं ते सगळं विचारून घेतलंय. घराचं नाव तेवढं त्यांनी अजून सांगितलेलं नाही.