एक रुपया काढण्याची कार्यपद्धती

पैसा आत जाण्याची वाट रुंद आणि बाहेर येण्याची अरुंद असणे, हे कोणत्याही गंभीर वित्तसंस्थेचे पहिले लक्षण होय. विज्ञानात अशा रचनेला एकदिशा झडप म्हणतात. मानवी हृदयात अशा चार झडपा असतात आणि त्या आहेत म्हणूनच आपण जिवंत आहोत. तेव्हा ऑनलाइन ट्रेडिंगच्या एखाद्या ॲपने हीच रचना स्वीकारली, तर त्यावर संशय घेणे म्हणजे स्वतःच्या हृदयावर संशय घेणे आहे.

वजनमापे निरीक्षक साहेबांनी तसा संशय घेतला नाही. दुकानदारांचे काटे तपासून त्यांवर शिक्का मारणे हे त्यांचे काम. पारड्याखाली चिकटवलेला चुंबक साहेब नुसत्या वासाने ओळखतात, असे बाजारात बोलले जाई. (चुंबकाला वास नसतो. दुकानदाराला घाम फुटतो, त्याला असतो.) अशा माणसाला फसवणे अवघड. म्हणून ॲपने त्यांना फसवण्याच्या भानगडीत न पडता नियम दाखवले.

खाते उघडायला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. बायकोच्या शिवणकामाच्या दुकानासाठी दोघांनी साठवलेले चार लाख साहेबांनी आत टाकले. बसथांब्यासमोरचा, औषधांच्या दुकानाला लागून असलेला गाळा दोन महिन्यांनी रिकामा होणार होता. तोवर पैसे नुसते बसून काय करणार, असा त्यांचा विचार. शिवाय ॲपवरची शिल्लक चार दशांश स्थळांपर्यंत दिसे. दोन दशांश स्थळे दाखवणाऱ्या काट्यापेक्षा चार दाखवणारा काटा अधिक अचूक, हे त्यांच्या खात्याचे शास्त्र. (काटा मुळात खरा असावा, ही अट गृहीत धरलेली असल्याने कुठे लिहिलेली नाही.)

दोन महिन्यांत चारांचे जवळजवळ पाच लाख झाले. गाळामालकाने महिनाअखेरपर्यंत डिपॉझिट मागितले आणि साहेबांनी ‘रक्कम काढा’ हे बटण दाबले.

प्रथम ओळख पटवणे आले. ओळखपत्र हातात धरून काढलेला पहिला फोटो हसतमुख असल्याने नामंजूर झाला. दुसऱ्यात डावा कान अपुरा होता. तिसऱ्यात चेहऱ्यावर चिंता आढळली, जी खाते उघडतेवेळच्या चेहऱ्याशी जुळत नव्हती.

“अहो, पैसे भरताना जसं तोंड होतं तसं करा ना,” बायको फोन रोखून म्हणाली.

“कसं होतं?”

“बावळट.”

फोटो मंजूर झाला.

लगेच कंपनीच्या मॅडमचा फोन आला. आवाज इतका गोड, की साहेब खुर्चीत सरळ बसले.

“अभिनंदन सर! आता फक्त पैसे काढण्याचा कर भरायचा. बारा टक्के.”

“माझ्याच रकमेतून कापून घ्या की.”

“ती रक्कम बाजारात आहे सर. आधी कर, मग रक्कम.”

दुसरा कोणी असता तर इथे दचकला असता. पण साहेबांनी हेच वाक्य नोकरीभर स्वतः म्हटले होते. दुकानदार गयावया करत, “साहेब, विक्री झाली की देतो,” आणि साहेब म्हणत, “आधी फी, मग शिक्का.” परमुलखात अचानक आपली बोली कानावर पडावी तसे त्यांना भरून आले. कार्यालयाच्या पतपेढीतून कर्ज काढून त्यांनी कर भरला.

त्यानंतर पैसा स्वच्छ असल्याच्या प्रमाणपत्राचे शुल्क, ते प्रमाणपत्र खरे असल्याचे शुल्क आणि हे सगळे भरायला लागलेल्या वेळेबद्दल विलंबाचा दंड. (प्रत्येकाची पावती तत्काळ मिळाली. पावत्यांच्या बाबतीत ॲपच्या तोडीची संस्था आढळत नाही.)

चौथ्या पावतीला बायकोने शिवणयंत्र थांबवले.

“आयुष्यभर लोकांचे काटे तपासलेत. यांचा तपासलात का?”

“तपासला ना. चार दशांश स्थळं आहेत.”

“मी ब्लाउजचं माप चार दशांशात लिहीन. म्हणून तो अंगात बसणार आहे का? ते लाख राहू देत बाजूला. मला एक रुपया काढून दाखवा.”

साहेबांनी एका रुपयासाठी अर्ज केला. उत्तर आले, शुल्क पाच हजार. लहान रकमेवर देखरेख अधिक ठेवावी लागते.

“यात तथ्य आहे,” साहेब म्हणाले. “लहान वजनांतच चोरी जास्त असते.”

कात्री चुकलेल्या कापडाकडे पाहावे तसे बायकोने त्यांच्याकडे पाहिले. “वरच्यांकडे तक्रार करा. आत्ता. माझ्यासमोर.”

वरचे म्हणजे एका दूरच्या बेटावरचे नियामक मंडळ. त्याचा नंबर ॲपनेच तळाशी छापला होता. साहेबांनी तो लावला.

“बोला सर, कसे आहात? वहिनी बऱ्या आहेत ना?”

आवाज तोच होता.

“मॅडम, तुम्ही इकडे कशा?”

“बदली झाली सर. तक्रारीचं शुल्क भरायचंय का?”

साहेब सरकारी नोकर. बदली त्यांना कळते. त्यांनी अभिनंदन केले आणि फोन ठेवला. मग त्यांनी चारही पावत्या उलटसुलट करून पाहिल्या.

“अगं,” ते शेवटी म्हणाले, “मी याला शिक्का मारला नसता.”

“पैसे मात्र भरलेत,” बायको म्हणाली.

महिनाअखेर उलटली. गाळा मोबाइल दुरुस्तीवाल्याला गेला. बायको तो बघून आली, तिने शिवणयंत्र ओढत खिडकीपाशी नेले आणि तिथे उजेड बरा पडतो म्हणाली. एवढेच म्हणाली. शिव्या घातल्या असत्या तर साहेबांना बरे वाटले असते. ॲपवर त्यांची शिल्लक अजूनही वाढते. कागदोपत्री ते त्यांच्या कार्यालयातले सर्वांत श्रीमंत कर्मचारी आहेत.

निदान दुसऱ्या कोणाचे तरी पैसे वाचावेत म्हणून साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना सगळे सांगितले. लाज गिळून, पावत्या तारखेप्रमाणे मांडून. सगळे हळहळले. माणसे इतकी भोळी कशी असतात, याचे हेडक्लार्कला नवल वाटले. डबे बंद झाले.

“पण साहेब,” मग हेडक्लार्कने विचारले, “देत किती होते?”

“महिन्याला अकरा टक्के.”

“अकरा! आणि कोणी पहिल्याच महिन्यात काढून घेतले असते तर?”

संध्याकाळपर्यंत तिघांनी स्वतंत्रपणे ॲपचे नाव विचारून घेतले. केवळ त्यापासून लांब राहता यावे म्हणून.

वाचकांनी यातले काही केलेले नाही. त्यांनी अकराला मनातल्या मनात फक्त बाराने गुणले. तेही चुकले; व्याज मुद्दलात मिळवत गेल्यास एका लाखाचे वर्षात साधारण साडेतीन लाख होतात. ॲपचे नाव आम्ही मुद्दाम दिलेले नाही. ते वर कुठे चुकून राहून गेले आहे का, हे पाहायला पुन्हा सुरुवातीपासून वाचू नये.